गाढव डोळ्यानं नाही, हातानं जोखायचं

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारात एकदा उभं राहून बघा. गाढव घेणारा माणूस आधी ओठ वर करून दात बघतो. दुवान आहे, चौवान आहे की अखंड, म्हणजे दातांवरून वय किती, त्यावर भावाची बोलणी सुरू होते. मग पाय, मग खूर, मग थोडं पळवून बघणं. काठेवाडी असेल तर उंचीवर भाव चढतो. पण मानेवर, बरगडीवर, पुठ्ठ्यावर बोटं दाबून बघणारं गिऱ्हाईक मला इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच भेटलं. पोट गोल दिसलं की "अंगानं बरं आहे" म्हणायचं आणि पैसे मोजायचे, असाच रिवाज. त्या पोटावर अजिबात विश्वास ठेवू नका.

मी पुरंदर तालुक्यातली. माहेरी गाढवं, सासरीही गाढवं. दिवाळीनंतर वीटभट्टी, पावसाळ्यात गाव. मधल्या काळात मी पशुसंवर्धनाची पदविका केली, नोकरी काही लागली नाही, पण शिकलेलं वाया गेलं नाही. आज आमच्याकडं नऊ जनावरं आहेत: सहा माद्या, दोन खच्ची केलेले नर आणि एक शिंगरू.

आता फोन दोन तऱ्हेचे येतात. भट्टीवरचे लोक म्हणतात, "ताई, जनावर वाळत चाललंय." आणि गाढविणीच्या दुधाचा धंदा काढलेले नवे लोक म्हणतात, "ताई, खायला भरपूर घालतो, तरी सुस्त का?" 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवाचाही समावेश झाला, अनुदानाची आशा लागली, तेव्हापासून हे दुसरे फोन वाढले. या मंडळींनी आधी गाई पाळलेल्या असतात. सरकी पेंड, सुग्रास, ओला लसूणघास, सगळं गाईच्या हिशेबानं चालू असतं. गाढव म्हणजे लहान गाय नव्हे आणि लांब कानांचा घोडाही नव्हे. ते मुळात आफ्रिकेच्या कोरड्या, दगडाळ मुलखातलं जनावर. तिथं आज मिळालेलं काटक-कुटक उद्याला पुरवायचं असतं. म्हणून त्याचं शरीर चाऱ्यातलं शेवटपर्यंत पिळून घेतं आणि खर्च मात्र जपून करतं. तेवढ्याच वजनाच्या घोड्याला किंवा तट्टाला जितकी ऊर्जा लागते, तिच्या अर्ध्या ते पाऊण हिश्श्यात गाढवाचं भागतं. उरलेलं सगळं चरबी होऊन साठतं.

आधी हात कसा फिरवायचा ते सांगते.

जनावराला सपाट जागी उभं करा. थंडीत केस वाढलेले असतात, तेव्हा डोळा हमखास फसतो, म्हणून डोळे मिटून केलंत तरी चालेल. सुरुवात मानेपासून. आयाळीखालची कड अंगठा आणि चार बोटांत धरा. निरोगी गाढवाची ही कड घट्ट पण बारीक लागते, सहज चिमटीत येते. तिथं जाड वळी हाताला लागली, आणि ती एका बाजूला कलायला लागली असेल, तर चरबी बरीच झाली. पूर्ण आडवी पडलेली मान पुन्हा कधी उभी राहत नाही, वजन उतरलं तरी.

मग मान पाठीला मिळते तो उंचवटा आणि खांदा. इथं हाड कळलं पाहिजे, पण टोचायला नको. पालाण ठेवणाऱ्यांनी ही जागा रोज बघावी. वाळलेल्या जनावराच्या कण्यावर मांसाची गादी राहत नाही, तिथंच पालाण घासतं आणि चट्टे पडतात. वरून मलम लावत बसण्यापेक्षा आधी अंग भरून काढावं लागतं.

बरगड्यांसाठी एक सोपी खूण. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या गाठींवरून फिरवा. बरगडी अशी लागली तर जनावर वाळलेलं. मूठ उघडून तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. हाडं कळतात, पण वर पातळ आवरण आहे. असं लागलं तर बेस. तळहाताच्या गुबगुबीत भागासारखं लागलं, म्हणजे बोटानं दाबूनच हाड शोधावं लागलं, तर जनावर सुटलेलं.

पाठ आणि कंबर: कण्याच्या दोन्ही बाजूंनी हात उतरता न्या. वाळलेल्याचा कणा घराच्या आढ्यासारखा वर येतो. ठीक असलेल्याची पाठ दोन्ही अंगांना हलकी उतरते. फार चरबी झालेल्याच्या पाठीवर मधोमध पन्हाळीसारखी घळ पडते. शेवटी पुठ्ठा, बाहेरची हाडं आणि शेपटीचा बुडखा. इथली चरबी लोकांना मांस वाटते. मांस घट्ट असतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं. चरबी गाठीगाठीनं, उशीसारखी, कधी एका बाजूला जास्त अशी बसते.

या पाच जागांवरून 1 ते 5 असा एक आकडा द्यायचा. 1 म्हणजे नुसता सापळा, 2 वाळलेलं, 3 हवं तसं, 4 सुटलेलं, 5 चरबीचं पोतं. मी अर्धेही देते, अडीच, साडेतीन. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. जुनी चरबी कधीकधी कडक होऊन बसते, दगडासारखी. जनावर आतून वाळत चाललेलं असतं, पण मानेवरच्या आणि पुठ्ठ्यावरच्या त्या गाठी तशाच राहतात. म्हातारं गाढव असेल तर बरगडी आणि पाठीचं मांस काय सांगतं तिकडं जास्त लक्ष द्या.

पोट या यादीत मुद्दाम घेतलं नाही. नुसत्या काडावर जगणाऱ्याचं, जंतांचं, गाभण मादीचं, सगळ्यांचंच पोट मोठं दिसतं. बरगड्या मोजता येतात आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, असं भट्टीवर कितीतरी वेळा दिसतं.

हातानंतर टेप. शिंप्याकडची कापडी टेप पुरते. पुढच्या पायांच्या कोपराच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, जनावरानं श्वास सोडला की. लांबी पुढच्या पायाच्या कोपरापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकापर्यंत. मग घेराचा 2.12 वा घात गुणिले लांबीचा 0.688 वा घात, भागिले 3801. हे मोठ्या गाढवांसाठीचं सूत्र आहे, शिंगराला लावू नका. हा हिशेब तोंडी होत नाही, माझा मुलगा मोबाइलवर करून देतो. तुमच्यासाठी उत्तरंच देते. 95 सेंटीमीटर लांबीच्या गाढवाचा घेर 100 असेल तर वजन साधारण 105 किलो, 105 असेल तर 116, आणि 110 असेल तर 128. लांबी 100 असेल तर याच घेरांना 109, 121 आणि 133. नेमका आकडा दोन-चार किलोनं चुकला तरी बिघडत नाही. जंताच्या औषधाचा डोस ठरवायला आणि महिन्यामहिन्याचा फरक कळायला तो पुरतो. नजरेनं वजन सांगणारे माझे मामंजी दर वेळी वीस किलो जास्तच सांगायचे, विकायची सवय म्हणून असेल.

आता आत काय चालतं ते. हे जरा नीट वाचा, कारण गाढव ज्या गोष्टीनं हकनाक मरतं ती इथं आहे.

भट्टीवर मुकादम असतो तसं शरीरात इन्शुलिन. खाल्लेल्यातली साखर रक्तात आली की हा मुकादम ती मांसात आणि साठ्यात पोचवतो. पण त्याचं दुसरं काम लोकांना माहीत नसतं. चरबीच्या कोठाराला कुलूप लावून ठेवणं हेही त्याच्याकडंच. जनावर जेवतंय तोवर कोठार बंद. जेवण थांबलं की इन्शुलिन उतरतं, कुलूप निघतं आणि चरबी विरघळून रक्तात येते. हे सगळ्या जनावरांत होतं आणि व्हायलाच पाहिजे, उपाशीपणी तेच इंधन. घोटाळा असा की सुटलेल्या गाढवात मुकादमाचं कुणी ऐकेनासं होतं. इन्शुलिन रक्तात भरपूर, पण परिणाम थोडा. अशा जनावराचं खाणं तुटलं की चरबीचा लोंढा सुरू होतो तो लवकर थांबत नाही. यकृत त्या चरबीनं भरतं, मूत्रपिंडं थकतात. मग भूक आणखी मरते, आणि भूक मेली की आणखी चरबी सुटते. डॉक्टर याला हायपरलिपिमिया म्हणतात. एकदा जोर धरला की निम्म्याहून जास्त गाढवं हातची जातात.

ताण आला की वाढणारं कॉर्टिसॉल याच आगीत तेल ओततं. दुखणं, ट्रकमधला प्रवास, दात टोचणं, जोडीदार विकला जाणं, सगळं गाढवाला ताणच. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत मादीचं शरीर आपणहून इन्शुलिनला दाद देईनासं होतं, कारण साखर पोटातल्या शिंगराकडं वळवायची असते. आणि दूध सुरू झालं की खर्च चढतो. म्हणून सुटलेली, गाभण किंवा दूध देणारी मादी, आणि त्यात ताण, हे सगळ्यात धोक्याचं.

आमची तांबडी अशीच गेली. चौदा वर्षांची मादी, नववा महिना. गाढवीण साधारण वर्षभर पोटाशी धरते, म्हणजे अजून तीन महिने होते. त्या साली पाऊस चांगला, माळावर हिरवं लोटलेलं, मान आडवी पडायला आलेली. भट्टी सुरू व्हायच्या आत तिला उतरवायचं असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं. भाद्रपदात तिला तिच्या जोडीदारणीपासून, सोनीपासून, वेगळं करून मागच्या छपरात बांधलं आणि दिवसाला कडब्याची एक पेंढी, बस. पहिले दोन दिवस ओरडली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. आम्हाला वाटलं, निवळली. गव्हाणीत तोंड घालून उभी असायची, म्हणजे खातेय असंच वाटलं. चौथ्या दिवशी मी गव्हाण झाडली तर पेंढी होती तशीच. लीद थोडी, सुपारीसारखी कडक, वरून शेंबडासारखा चिकट पदर. डॉक्टर आले, रक्त काढून नळी खिशात ठेवली आणि अर्ध्या तासानं दाखवली. वरचं पाणी पिवळसर निवळ असायला हवं होतं, ते ताकासारखं पांढुरकं झालेलं. सलाईन, ग्लुकोज, नळीनं पेज, सगळं केलं. आठव्या दिवशी पोटातल्या शिंगरासकट गेली. पदविकेत हे एका ओळीत शिकवलं होतं. मी ती ओळ पाठ केली होती.

तेव्हापासून घरात नियम आहे: सुटलेल्या गाढवाचा चारा बदलायचा, तोडायचा नाही.

कसा, ते हिशेबानं. गाढवाला दिवसाला अंगाच्या वजनाच्या 1.3 ते 1.8 टक्के कोरडा चारा लागतो. 120 किलोच्या जनावराला साधारण दीड ते सव्वादोन किलो, तोही पाण्याचा अंश सोडून. वाळलेल्या कडब्यात पाणी थोडंच, म्हणून वजनकाट्यावर पावणेदोन ते अडीच किलो धरा. ओल्या गवतात बहुतेक पाणीच, तिथं हाच हिशेब आठ-दहा किलोवर जातो. सुटलेलं असलं तरी खालच्या आकड्याच्या आत जायचं नाही. कमी करायची ती चाऱ्यातली साखर आणि पिठूळपणा. पेंड, भरडा, शिळ्या भाकरी, गूळ, उसाचे तुकडे आधी बंद. देवदर्शनाला आलेले लोक गाढवाला लाडू घालतात, त्यांना हात जोडून सांगा. मग हिरवं कमी करत गव्हाचं काड किंवा पक्क्या ज्वारीचा वाळलेला कडबा वाढवत न्या. हा बदल दोन आठवड्यांत पसरवा, रोज मूठमूठ. दिवसभर थोडं थोडं चघळायला मिळालं पाहिजे, कारण गाढवाचं आतडं रिकामं राहायला बनलेलंच नाही. चरायला मोकळं सोडायचंच असेल तर पट्टा आखून द्या. आणि कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले फुटवे यांच्या वाऱ्यालाही उभं करू नका, त्यानं विषबाधा होते.

महिन्याला घेर एक सेंटीमीटर उतरला तरी मी खूष असते. गाभण मादीला उतरवायच्या भानगडीत पडत नाही, फक्त आणखी वाढू देत नाही. आणि उतरवायच्या जनावराला जोडीदारापासून तोडत नाही. दोघांना एकाच दावणीला, मध्ये आडवं लाकूड टाकून, ज्याचा त्याचा चारा समोर.

चालवणं हाही चाराच समजा. कामाला लागलेलं मांस साखर जास्त ओढतं, मुकादमाचं पुन्हा ऐकू लागतं. पावसाळ्यात आमची गाढवं रिकामी असतात, तेव्हा मी त्यांना रोज विहिरीपर्यंत आणि परत नेते, काही आणायचं नसलं तरी. शेजारणी हसतात. हसू द्या. पण खुरात दुखत असेल तर हे करायचं नाही. इन्शुलिन फार दिवस चढलेलं राहिलं की खुराच्या आतला, हाडाला धरून ठेवणारा पदर सुजतो. जनावर जास्त वेळ बसून राहतं, कठीण जमिनीवर पाय जपून टाकतं, खूर हाताला तापलेला लागतो. तिथं चालवणं नाही, मऊ माती आणि डॉक्टर.

वाळलेल्या जनावराचं थोडक्यात सांगते, कारण तिथं चूक एकच होते: एकदम धान्य घालणं. आधी दात बघून घ्या. मागच्या दाढांच्या कडा टोकदार झाल्या असतील तर चारा चघळून गोळे करून टाकलेला दिसेल. मग लीद तपासून जंताचं औषध. मग भुईमुगाचा पाला, चांगलं वाळलेलं गवत, आणि थोडा भरडा दोन-तीन वेळांत वाटून. एका वेळी पाटीभर घातलात तर पोटदुखी किंवा खुराचं दुखणं विकत घ्याल. ओझं कमी केल्याशिवाय यातलं काही उपयोगाचं नाही, हे मालकाला पटत नाही, पण खरं तेच.

पाण्याचंही एक सांगायचं आहे. अंगातलं पाणी वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत गेलं तरी गाढव तग धरतं आणि पाणी मिळालं की लवकर सावरतं. हे खरं आहे, आणि म्हणूनच भट्टीवर त्याला दुपारभर तहानलेलं ठेवतात. तग धरतं याचा अर्थ त्रास होत नाही असा नाही. पाणी कमी पडलं की चाराही कमी खाल्ला जातो, आणि खाणं तुटल्यावर काय होतं ते वर सांगितलंच.

गाढव दुखणं दाखवत नाही. म्हणून ते बरं असताना त्याचे आकडे माहीत पाहिजेत. अंगाचं तापमान साधारण 37.1 अंश सेल्सिअस, 36.2 ते 37.8 मध्ये कुठंही चालेल. नाडी मिनिटाला 36 ते 52, श्वास 12 ते 28. उन्हातून आणल्यावर लगेच मोजू नका. रोजचं मोजायला मात्र यंत्र लागत नाही. गव्हाणीत उरलेला चारा उचलून बघायचा आणि लीद मोजायची. तोंड चाऱ्यात आहे म्हणजे खातंय असं नाही, हे तांबडीनं शिकवलं. एक दिवस खाल्लं नाही आणि कान पडलेले, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू म्हणायचं नाही.

डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी सांगा: अंगाचा आकडा, टेपचं वजन, शेवटचं पोटभर कधी खाल्लं, आणि घरात काय बदललं. जोडीदार विकला, जागा बदलली, नवा चारा आला, शिंगरू तोडलं, काहीही. रक्त तपासायचं ठरलं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बघा म्हणून आठवण करा, आणि निकाल गाढवाच्या तक्त्याशी ताडायला सांगा. गाढवाचं निरोगी ट्रायग्लिसराइड घोड्यापेक्षा वरचं असतं, एसीटीएच हे डोक्यातल्या ग्रंथीचं संप्रेरकही तसंच. घोड्याचा तक्ता लावला की बरं जनावर आजारी ठरतं. पंधराच्या वरच्या गाढवाचे हिवाळी केस उन्हाळ्यातही गळत नसतील, पाठीचं मांस झडतंय आणि चरबी मात्र तशीच असेल, तर त्या ग्रंथीबद्दल विचाराच.

मी सगळं एका वहीत लिहिते. तारखा विसरतात म्हणून अमावास्या धरली आहे. प्रत्येकाच्या नावापुढं घेर, आकडा आणि एखादी खूण. गेल्या अमावास्येला बुटकीपुढं लिहिलंय: घेर 107, आकडा 4, मान जाड. या अमावास्येला 106, आकडा 4, मान जाड, सोनीशेजारी बांधली, काड पूर्ण संपवते.